सह्या झाल्यावरचं काम

प्रश्न : मी शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत सुपरवायझर आहे. मुलगी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. कॉलेजात कुणाचं तरी व्याख्यान ऐकून आली आणि तेव्हापासून हट्ट धरून बसली आहे. आपलं राज्य आणि परदेशातली राज्यं यांच्यात व्यापाराचे, शिक्षणाचे, संस्कृतीचे करार होतात, त्यात तिला काम करायचंय. दिल्लीला एम.ए.ला पाठवा म्हणते. मॅडम, ही नोकरी असते तरी कुठं? आणि पगार कोण देतं? — एक पालक, कोल्हापूर

सप्रेम नमस्कार.

या नावाची नोकरी जाहिरातीत सापडणार नाही, तेव्हा तुमची शंका रास्त आहे. काम मात्र खरं आहे.

परराष्ट्र व्यवहार हा केंद्राचा विषय, राज्याला परदेशाशी तह करता येत नाही. पण केंद्राच्या संमतीनं सामंजस्य करार करता येतात, आणि राज्यांचं हे काम बघायला परराष्ट्र मंत्रालयात २०१४ पासून वेगळा विभाग आहे. मुंबई आणि जर्मनीतलं श्टुटगार्ट ही १९६८ पासूनची भगिनी शहरं. श्टुटगार्ट ज्याची राजधानी, त्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी महाराष्ट्रानं २०२४ मध्ये कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. जपानच्या वाकायामा प्रांताशी २०१३ मध्ये करार झाला आणि २०१५ मध्ये तिथल्या कोयासान विद्यापीठात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा उभा राहिला. व्याख्यात्यानं पोरीला खोटं काही सांगितलेलं नाही.

त्यानं बहुतेक सांगितलं नसेल ते असं, की सह्या हा यातला सगळ्यात सोपा भाग. काही वर्षांपूर्वी एका परदेशी शिष्टमंडळाच्या भेटीत मी मदतनीस होते. फेटे, शाली, तांबडा-पांढरा, सगळं झोकात झालं. पाहुण्यांनी जाताना चार साधे प्रश्न विचारले होते : नमुना किती दिवसांत मिळेल, धातूच्या तपासणीचा दाखला कोण देणार, असे. पंधरा दिवसांनी त्यांची मेल आली. ती ज्या पत्त्यावर आली तो कुणी उघडतच नव्हतं. पुढं काय होणार होतं? फोटो तेवढे छान आले.

ती मेल उघडून, कारखान्यात चार फेऱ्या मारून, नीट उत्तर पाठवणारा माणूस म्हणजे तुमच्या मुलीला व्हायचंय तो माणूस. अशांना पगार देतात निर्यात करणारे कारखाने, व्यापाऱ्यांची चेंबर्स, इंडो-जर्मन चेंबरसारख्या संस्था, परदेशी वकिलातींचे व्यापार विभाग आणि विद्यापीठांचे आंतरराष्ट्रीय कक्ष.

चपलेचंच बघा. जून २०२५ मध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीनं मिलानच्या शोमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या, नाव मात्र घेतलं नाही. आपल्याकडं संताप झाला, मीम झाले. पण प्राडाकडून कबुली आली ती महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सनं लिहिलेल्या पत्राला उत्तर म्हणून. कोल्हापुरीला २०१९ मध्ये मिळालेलं भौगोलिक मानांकन (ते नाव ठरावीक भागातल्याच मालाला लावायचा हक्क), तेही महाराष्ट्र आणि कर्नाटक दोघांचं मिळून, हा कागद हाताशी होता म्हणून त्या पत्राला वजन आलं. त्याच वर्षी डिसेंबरात दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी प्राडाचा करार झाला. चपलेला टाके कारागिरानं घातले, पण ही सगळी पत्रं कुणीतरी बसून लिहिली, तपासली, दोन राज्यांत फिरवली. पोरीला विचारा, असं पत्र लिहायला आवडेल का. नुसतं भाषण द्यायला आवडत असेल तर हे क्षेत्र तिचं नव्हे.

संस्कृतीच्या बाजूला तर कोल्हापूरकरांना कुणाची ओळख उसनी आणायला नको. छत्रपती राजाराम महाराज (दुसरे) १८७० मध्ये युरोपच्या दौऱ्यावरून परतताना इटलीत फ्लॉरेन्सला वारले. आर्नो आणि मुन्योने नद्यांच्या संगमावर त्यांना अग्नी दिला, तिथं त्यांचं स्मारक आहे, आणि जवळच्या पुलाला फ्लॉरेन्सकर आजही ‘इंडियानो’ म्हणतात. इकडं कोल्हापूरजवळच्या वळिवड्यात १९४३ ते १९४८ या काळात सुमारे ५ हजार पोलिश निर्वासित राहिले. त्याची आठवण म्हणून वॉर्सात कोल्हापूरचं स्मारक आहे, आणि २०२४ मध्ये पंतप्रधान तिथं जाऊन आले. एवढं भांडवल घरात असताना आपण त्यावर शाळांची, विद्यार्थ्यांची देवाणघेवाण किती उभी केली? फार नाही, असं माझं मत. तिथं काम पडून आहे.

आता दिल्लीचं. मी तरी यंदा पाठवणार नाही. एम.ए. वाईट नाही, पण हातात माल, देश, भाषा काहीच नसताना केलेलं एम.ए. पुढं स्पर्धा परीक्षेच्या रांगेत नेऊन उभं करतं. यूपीएससी देऊन परराष्ट्र सेवेत जायचं असेल तर तो वेगळा रस्ता, त्याची तयारीही वेगळी.

बी.कॉम. संपलं की वर्ष-दीड वर्ष निर्यात करणाऱ्या एखाद्या फौंड्रीत कागदपत्रांच्या टेबलावर काम करू दे. इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, मूळ देशाचा दाखला, बिल ऑफ लॅडिंग (माल जहाजावर चढल्याची पावती), न्हावाशेवा बंदरातल्या कस्टम एजंटाशी फोनवर भांडण, हे सगळं. पगार सुरुवातीला बेताचाच असेल. सोबत जर्मन. ए१ ही पहिली पातळी झाली की लोक थांबतात. तिनं चौथ्या पातळीपर्यंत, बी२ पर्यंत जावं, दोन-अडीच वर्षं लागतील. जर्मनच का, तर आपल्याकडं कास्टिंग आणि यंत्रांचं काम आहे आणि बाडेन-वुर्टेम्बर्ग ही वाहनं आणि यंत्रांचीच भूमी. तिला गुळात किंवा चपलेत रस असेल तर भाषा बदलेल, हरकत नाही. त्यानंतर आयआयएफटी (इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ फॉरिन ट्रेड) सारख्या ठिकाणी आंतरराष्ट्रीय व्यापार शिकायला जावं, तेव्हा मुलाखतीत सांगण्यासारखं काहीतरी असेल.

तुम्ही एवढं करा : मालकांची परवानगी काढून येत्या सुट्टीत तिला डिस्पॅचमध्ये न्या आणि परदेशी गेलेल्या एकाच मालाची फाइल पहिल्या मेलपासून पैसे जमा होईपर्यंत वाचायला द्या. वाचून झाल्यावर तिला पडलेले प्रश्न तिनंच मला लिहून पाठवावेत. पुढचं पत्र तुमचं नको, तिचं हवं.