जास्त कमावणाऱ्यांच्या करातून सरकारनं गरिबांसाठी योजना चालवणं न्याय्य आहे का?

तुम्ही लिहिलंय की हिंजवडीत नोकरी आहे, वर्षाला ४० लाख पगार, ३० टक्के टॅक्स जातो, सोसायटीत टँकरचं पाणी विकत घ्यावं लागतं. आणि घरी कामाला येणाऱ्या मावशींना मात्र लाडकी बहीणचे महिना १,५०० रुपये मिळतात, शिवाय धान्य फुकट. हा आमच्यावर अन्याय नाही का, असा तुमचा प्रश्न.

तुमच्यावर थोडा अन्याय होतो, हे मला मान्य आहे. पण मावशींचा त्यात काहीही संबंध नाही.

आधी हिशोब. नवीन पद्धतीत ४० लाखांतून ७५,००० ची प्रमाणित वजावट काढा आणि २०२५-२६ चे टप्पे लावा. २४ लाखांपर्यंत कर होतो ३ लाख. वरच्या सव्वापंधरा लाखांवर ३० टक्क्यांनी ४,५७,५००. त्यावर ४ टक्के उपकर. एकूण ७,८७,८००, म्हणजे पगाराच्या २० टक्क्यांच्याही आत. टप्पे तुम्हाला माहीत असणारच, तरी ‘तीस टक्के जातात’ असंच सगळे म्हणतात. दुसरं म्हणजे हा पैसा दिल्लीला जातो आणि लाडकी बहीण राज्याची योजना आहे. पंधराव्या वित्त आयोगानं २०२५-२६ पर्यंत केंद्राच्या वाटपयोग्य करातले ४१ टक्के राज्यांना दिले, त्यात महाराष्ट्राचा हिस्सा ६.३१७ टक्के. म्हणजे तुमच्या शंभर रुपयांतले जेमतेम दोन रुपये साठ पैसे या वाटेनं मुंबईला परत आले. राज्य चालतं ते जीएसटी, मुद्रांक शुल्क, दारूवरचं उत्पादन शुल्क, पेट्रोल-डिझेलवरचा व्हॅट आणि कर्जावर. जीएसटी मावशीही भरतात. २२ सप्टेंबर २०२५ पर्यंत अंगाच्या साबणावर, केसांच्या तेलावर आणि टूथपेस्टवर त्या १८ टक्के भरत होत्या, तुमच्याइतकेच.

आणि तुमच्या पगारातून गरिबांसाठी म्हणून जी कपात खरोखर सुरू झाली, ती तुम्ही लिहिलीच नाहीत. पगाराच्या चिठ्ठीवर बघा, व्यवसाय कर, दरमहा २०० रुपये, फेब्रुवारीत ३००. खरं तर त्या ओळीसाठीच मी हे उत्तर लिहायला बसले आहे.

१९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रानं रोजगार हमी योजना सुरू केली. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांची कल्पना. जो काम मागेल त्याला काम, आणि तेही पंधरा दिवसांत. त्याचा कायदा १९७७ साली झाला. पैसा कुठून आणायचा, तर १९७५ साली नोकरदार, व्यापारी, वकील, डॉक्टर यांच्यावर व्यवसाय कर बसवला. बागायती जमिनीवर, मोटारींवर, विक्रीकरावरही जादा आकार लावला. जेवढी वसुली होईल तेवढीच भर सरकारनं घालायची. शहरानं गावाच्या मजुरीचा खर्च उचलायचा, आणि ते कायद्यात लिहून ठेवायचं. हे देशात पहिल्यांदा आपण केलं. २००५ चा केंद्राचा कायदा त्यानंतर तीस वर्षांनी आला.

माझी आई त्या कामावर होती.

आमचं गाव माण तालुक्यात, म्हसवडच्या बाजूला. वडील मुंबईला गिरणीत होते. १९८२ च्या संपात गिरणी बंद पडली, ते गावी आले आणि घरात पैसा यायचाच थांबला. शेत होतं, पाऊस नव्हता. आई तेव्हापासून पाच वर्षं जमेल तेव्हा रोजगार हमीवर जायची. आधी खडी फोडायला, नंतर पाझर तलावाच्या बांधावर मुरमाच्या पाट्या वाहायला. धाकटा भाऊ बाभळीला बांधलेल्या झोळीत असायचा. शाळा सुटली की मी त्याला सांभाळायला तिथं जायचे. आईच्या बोटांना कायम चिंध्या गुंडाळलेल्या असायच्या. संध्याकाळी मुकादम झालेल्या कामाचं माप घ्यायचा आणि कधी कधी ते कमीही लिहायचा, हेही मी बघितलंय. पण पगाराच्या दिवशी पिठाचा डबा भरायचा. मी दहावीपर्यंत शाळेत राहू शकले ती त्या डब्यामुळे. पुढे सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजात पुण्याला आले. तिथली फी इतकी कमी होती, की माझ्यावर सरकारनं केलेला खर्च मावशींच्या १,५०० रुपयांपेक्षा कितीतरी जास्त भरेल. तुम्हीही सरकारी कॉलेजात शिकला असाल तर हा हिशोब एकदा मांडून बघा.

लग्न पुण्यातच झालं, नारायण पेठेतलं घर. सासरे, त्यांना आम्ही सगळे नाना म्हणायचो, बँकेत हेडक्लार्क होते, तेव्हा नुकतेच निवृत्त झालेले. दर जुलैत घरातल्या सगळ्यांची आयकराची विवरणपत्रं ते स्वतः भरायचे, सरल फॉर्मवर, निळ्या शाईनं, खाडाखोड न करता. एक रुपया लपवणं त्यांना ठाऊक नव्हतं.

२००२ च्या जुलैची गोष्ट. माझी मुलगी तीन महिन्यांची होती आणि आई माझ्याकडे राहायला आलेली. ती बाळाला मांडीवर घेऊन तेल लावत होती. नाना जेवणाच्या टेबलावर माझा फॉर्म १६, म्हणजे पगार आणि करकपातीचा दाखला, घेऊन बसले होते. व्यवसाय कराच्या ओळीवर त्यांनी पेन टेकवलं आणि म्हणाले, “पंचाहत्तर सालापासून कापतायत. दुष्काळातल्या लोकांना खडी फोडायला बसवायचं आणि पैसे आम्ही द्यायचे. फोडून केलं काय? पहिल्या पावसात रस्ते गेले वाहून. बसून खायची सवय लावली त्यांना.”

आईचा हात थांबला. मग पुन्हा सुरू झाला.

नानांना माहीत नव्हतं. कारण लग्नाच्या वेळी मी ‘आई शेती करते’ एवढंच सांगितलं होतं. खोटं नव्हतं, पण पुरं खरंही नव्हतं. त्या दुपारी तोंड उघडायची माझी वेळ होती आणि मी उघडलं नाही. नागपंचमीपर्यंत राहणार होती आई. दुसऱ्या दिवशी पहाटे म्हणाली, “शेळी व्यायला झालीया, जाती मी.” मी तिला स्वारगेटला सोडलं. एसटीत बसल्यावर तिनं विचारलं, “तुझं किती कापत्यात गं?” मी म्हटलं, दोनशे. ती पुढं काही बोलली नाही. त्यानंतर ती आमच्याकडे मुक्कामाला कधी आली नाही, सकाळी येऊन संध्याकाळी परत जायची. विहीणबाई राहत का नाहीत, असं नाना मला दोनतीनदा विचारायचे. २०१६ मध्ये ते गेले. मी सांगितलं नाही ते नाहीच.

म्हणून तुमच्या प्रश्नात ‘फुकट’ हा शब्द वाचला आणि बसवेना.

नानांची चीड मला आता कळते. ते काउंटरवर बसून रोज बघायचे. ज्यांच्या खात्यात त्यांच्या वर्षाच्या पगाराएवढी रोकड महिन्याला जमा व्हायची, त्यातले कितीतरी जण आयकर भरत नव्हते. नानांचा मात्र पगार हातात यायच्या आधीच कापलेला असायचा. हा अन्याय खराच होता आणि तुमच्याबाबतीत तो आजही चालू आहे. तुम्ही २४ लाखांच्या वरच्या पगारावर ३० टक्के भरता. शेअर वर्षभर सांभाळून विकणारा १.२५ लाखांच्या वरच्या नफ्यावर १२.५ टक्के भरतो. शेतीचं उत्पन्न कितीही असलं तरी केंद्राचा आयकर शून्य, मग दोन एकरवाला असो की द्राक्षं परदेशी पाठवणारा. वारसा कर १९८५ साली गेला, संपत्ती कर २०१५ च्या अर्थसंकल्पात. प्रभात रोडवरचा बंगला ज्याला वडिलांकडून मिळतो तो त्या मिळण्यावर काहीच भरत नाही, आणि तुम्ही वीस वर्षं हप्ते भरून दोन खोल्या घेता. चिडायचं तर इथं चिडा. नानांना हे सगळं दिसत होतं, तरी जेवणाच्या टेबलावर बोट गेलं ते खडी फोडणाऱ्या बाईकडेच, कारण तिच्याबद्दल बोललं तर कुणाला वाईट वाटत नाही असं त्यांनी धरलं होतं. तुम्हीही मावशींबद्दल तेच धरलंय.

स्वतःच्या सवलतीही मोजा. स्वतः राहत असलेल्या घराला पुणे महापालिका मिळकत करात ४० टक्के सवलत देते. मध्यंतरी ती काढली तेव्हा आमच्या सोसायटीत केवढा गहजब झाला, आणि २०२३ मध्ये परत मिळाल्यावर सगळे पीटी-३ अर्ज भरायला धावले. मीही धावले. त्याला कुणी फुकट म्हटलं नाही.

आता माझ्या बाजूचंही सांगायला हवं. रोजगार हमीच्या मस्टरवर, म्हणजे हजेरीपटावर, खोटी नावं असायची, रस्ते वाहून गेले हे नानांचं म्हणणं चूक नव्हतं. लाडकी बहीण निवडणुकीच्या तोंडावर, २०२४ मध्ये, नीट छाननी न करता सुरू केली. सरकारी नोकरीतल्या बायकांनी आणि काही पुरुषांनीसुद्धा हप्ते घेतल्याचं नंतर उघड झालं. अशांची नावं कापायलाच हवीत आणि पैसे वसूल करायला हवेत. कर्ज काढून वाटप किती वर्षं चालेल, ही काळजी मलाही आहे. माझ्या मते हातात काम देणं आणि त्यातून बांध, तलाव उभे राहणं हे जास्त चांगलं, पण ते मी आईमुळे म्हणत असेन. आणि टँकरच्या भांडणात मी पूर्ण तुमच्या बाजूनं आहे. इमारतींना परवानगी देताना पाण्याची सोय बघायची जबाबदारी कुणाची होती, हे लेखी विचारा, सोसायटीच्या लेटरहेडवर.

मुलगी आता खराडीला नोकरीला आहे. गेल्या वर्षी फेब्रुवारीत तिचे २०० ऐवजी ३०० कापले गेले म्हणून तिनं मला विचारलं, तेव्हा मी तिला ही गोष्ट पहिल्यांदा सांगितली. तिनं लगेच आजीला फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे, ऐकू कमी येतं. सगळं ऐकून तिनं एकच विचारलं, “नानांचं किती कापत हुते गं त्येवेळी?”

मी सांगितलं. राज्यघटनेच्या कलम २७६ मध्ये तेव्हा मर्यादाच होती. १९८८ साली ती २,५०० केली, त्याआधी एका माणसाकडून वर्षाला २५० रुपयांच्या वर घेताच यायचे नाहीत.

“वर्साला?” आई म्हणाली. “अडीचशे?”

“हो.”

बराच वेळ पलीकडून फक्त पंख्याचा आवाज येत होता. मग ती म्हणाली, “मला वाटलं लई कापत असतील.”