एका 'गो'चे चार चेक शब्द, मग घ्यायचा कुठला?

प्रश्न एका ताईंचा आहे. नवऱ्याची बदली म्लादा बोलेस्लावला, म्हणजे चेक प्रजासत्ताकातल्या स्कोडा गाड्यांच्या गावाला झालीय, जायच्या आधी त्या इंग्रजी-चेक अ‍ॅपवरून भाषा शिकतायत आणि पार वैतागल्यात. साधं 'गो' टाकलं की यीत, येत, खोदित, येझ्दित असे चार शब्द येतात, 'नो' म्हणजे माहीत असण्याचं 'नो' टाकलं तर तीन, आणि 'पुट'ला तर विचारूच नका. यातला नेमका कुठला कधी वापरायचा?

ताई, अ‍ॅपचं काही चुकत नाहीये. इंग्रजीतले हे रोजचे छोटे शब्द दहा-दहा कामांना जुंपलेले असतात, आणि तुम्ही मराठीतला विचार आधी इंग्रजीत कोंबून मग त्याचं चेक शोधताय, तिथे घोळ होतोय. माझं म्हणणं, इंग्रजीला मधून काढा आणि हेच मराठीत कसं म्हणाल ते आधी बघा. सगळीकडे नाही, पण निम्म्या ठिकाणी तरी उत्तर तिथेच मिळतं.

'नो'चंच घ्या. चेकमध्ये व्येद्येत, झ्नात आणि उम्न्येत. आता मराठीत आपण काय म्हणतो? स्टेशन कुठे आहे ते मला माहीत आहे, मी त्याला ओळखते, मला पोहता येतं. झाले की तीन! माहीत असणं ते व्येद्येत, ओळखणं ते झ्नात, येणं ते उम्न्येत. 'उमीम चेस्की' म्हणजे सरळ 'मला चेक येते', बोलणे हे क्रियापद वेगळं लावायचीही गरज नाही, अगदी आपल्यासारखं. एकच ठिकाण सांभाळा, आपण गाव किंवा गाणंही 'माहीत आहे' म्हणतो पण चेक माणूस तिथे झ्नात वापरतो, प्राग मला माहीत आहे म्हणजे 'झ्नाम प्राहु'. सोपी खूण अशी की पुढे कुठे, कोण, कधी, की असं अख्खं वाक्य येत असेल तर व्येद्येत, नुसतं नाम असेल तर बहुतेक वेळा झ्नात. आणि गंमत म्हणजे व्येद्येत हा आपल्या वेद, विद्याच्या घरातला आणि झ्नात हा ज्ञानाच्या, त्यामुळे पाठ करायला फार त्रास पडू नये. (नकाराच्या 'नो'शी याचा संबंध नाही, पण सांगून ठेवतो, चेक माणूस फोनवर 'नो, नो, नो' करत असेल तर तो नाही म्हणत नसतो. हो चं 'आनो', आणि बोलण्यात नुसतं 'नो' म्हणजे हं, हो हो.)

'कॅन'चं पण तसंच. पोहता येतं ते उमीम, आज येऊ शकत नाही ते नेमूझु, आणि इथे बसलं तर चालेल का असं परवानगी मागणारं ते स्मीम, किंवा बोलताना मूझु सुद्धा चालतं. तुम्हाला पोहता येत असेल पण आज ताप आहे म्हणून पोहणार नसाल तर उमीम पण नेमूझु, इंग्रजीत दोन्हीकडे कॅनच.

आता 'गो', इथे मात्र मराठी अर्ध्या वाटेवर सोडते. आपण ब्रनो शहराला 'जातो', मग पायी असो की बसने. चेकला आधी हे कळायला हवं की पायी की गाडीने, आणि मग आत्ता एकदाच की नेहमी. पायी, आत्ता : यीत. पायी, नेहमी : खोदित. गाडीने, आत्ता : येत. गाडीने, नेहमी : येझ्दित. विमान असेल तर तिसरीच जोडी, लेत्येत आणि लेतात. प्रागहून 'दु दो ब्रना' (दु हे यीतचं 'मी'चं रूप, येदु हे येतचं) म्हणालात तर ऐकणारा हसेल, कारण तुम्ही साधारण दोनशे किलोमीटर चालत निघालात असा त्याचा अर्थ होतो, 'येदु दो ब्रना' म्हणा. ट्राम, ट्रेन यांनाही येत-येझ्दितच. पण हे पायीचं प्रकरण फार काटेकोर धरू नका, सिनेमाला जाणं यीतने होतं आणि शाळेत जाणं म्हणजे शिकायला असणं हे खोदितने, पोरगं बसने जात असलं तरी.

मला विचाराल तर यीत हा 'जाणे' नाहीच, तो आपला 'चालणे' आहे. 'याक तो य्दे?' म्हणजे कसं चाललंय. घड्याळ पण चेकमध्ये यीतनेच चालतं. एखादी गोष्ट जमत नसेल, होण्यासारखी नसेल तर 'तो नेय्दे', आपलं 'नाही चालणार' याच्या बरंच जवळ, आणि सरकारी कचेरीत हे वाक्य तुम्हाला भरपूर ऐकू येईल असा माझा अंदाज. खोदितचंही बघा, कुणाबरोबर खोदित म्हणजे त्यांचं जमलंय, आपल्याकडे 'ती त्याच्याबरोबर फिरते' म्हणतात ना, तसंच.

'पुट'ला घाबरू नका. पुस्तक आडवं ठेवलं तर पोलोझित, बाटली उभी ठेवली तर पोस्तवित, कोट टांगला तर पोव्येसित हे खरं, पण सुरुवातीला सगळीकडे 'दात' वापरा, खपून जातं, टेबलावर ठेव, चहात साखर घाल, सगळं. दात म्हणजे मुळात देणे, संस्कृतातला दा धातूच. हॉटेलात कॉफी घेते म्हणायचं तरी 'दाम सि कावु'.

अंगावर घालायचं 'पुट ऑन' असेल तर मात्र वेगळे शब्द. कपडे ओब्लेक्नोउत, बूट ओबोउत, टोपी-चष्मा नसदित. साडी नेसतो आणि शर्ट घालतो अशा आपल्याला हे नवीन वाटायला नको. बूट काढणे झोउत, आणि हा शब्द लवकर लागेल, कारण तिथेही घरात शिरताना बूट दारातच काढतात.

'चेंज' म्हणजे सुट्टे असतील तर द्रोब्ने, मेट्रो बदलायची असेल तर प्र्शेस्तुप, प्रागच्या मूस्तेक स्टेशनात अ वरून ब लाइनला जाताना हाच शब्द कानावर पडतो. त्यातला तो र आणि श-झ एकत्र उच्चारायचा वर्ण देवनागरीत लिहिताच येत नाही, माझं लिहिलेलं प्रमाण मानू नका. 'हेअर'साठी डोक्याचे व्लसी, अंगावरचे ख्लुपी, प्राण्याची स्र्स्त, हे पाठच करा. उलट हात, पाय आणि बोट इथे निवांत राहा : रुका म्हणजे खांद्यापासून खालचा अख्खा हात, नोहा म्हणजे अख्खा पाय, प्र्स्त म्हणजे हाताचं नाहीतर पायाचं कुठलंही बोट, इंग्रजी दोन-दोन शब्द मागते, चेक आणि मराठी नाही.

लग्नाचं जरा जपून. पुरुष 'झेनित से', म्हणजे झेना, बायको करतो, आणि बाई 'व्दात से', ज्यात पुन्हा तोच 'देणे' बसलाय, आपलं 'मुलगी दिली' आठवा. म्हणून फॉर्मवर तुम्ही व्दाना, तुमचे मिस्टर झेनाती, उलटं लिहिलंत तर काउंटरवरची बाई हसेल.

राहिला 'यू'. चेकमध्ये ति आणि वि, तू आणि तुम्ही. पण मला आवडलं ते पुढचं, अरेतुरे करणे आणि अहोजाहो करणे याला त्यांच्याकडे अख्खी क्रियापदंच आहेत, तिकत आणि विकत. देवनागरीत वाचून दुकान आठवेल, त्याला इलाज नाही. शेजारी, डॉक्टर, दुकानदार, शाळेतल्या बाई सगळ्यांशी विकतच ठेवा. तिकत करू या का असं विचारायचा मान वयाने किंवा पदाने मोठ्याचा, आणि बाई-पुरुष असतील तर बाईचा, तेव्हा नवऱ्याच्या ऑफिसातल्या बरोबरीच्या पुरुषांना ते तुम्हीच सुचवायचं, पण त्यांच्या साहेबांना मात्र आपणहून नाही.