ब्राउझर उघडला की लॅपटॉपचा पंखा सुटतो. कोणी गुपचूप मायनिंग करतंय का? इन्कग्निटो वापरलं तर थांबेल?

शक्यता आहे. मायनिंग म्हणजे तुमच्या मशीनकडून गणितं करून घेऊन डिजिटल चलन कमावणं. पण टास्क मॅनेजर उघडून बघितल्याशिवाय कोणावर आळ घेऊ नका. असा आळ माझ्या डोळ्यांदेखत एका पोरावर आलाय, म्हणून सांगतोय.

२०१८ साली सदाशिव पेठेतल्या एका अभ्यासिकेचे पीसी मी सांभाळायचो. बसणारी सगळी एमपीएससीची पोरं. दुपार झाली की मशीन घरघरायला लागायची, साधी पीडीएफ उघडेना. मालक काकांचं मत ठाम, "पोरं मॅच बघतात." एका सांगलीच्या पोराला त्यांनी सगळ्यांसमोर फैलावर घेतलं. बिचारा खाली मान घालून ऐकत होता. मी त्याच्याच पीसीवर बसलो. सीपीयू शंभर टक्के, आणि खाणारा क्रोम. एकेक टॅब बंद करत गेलो. फुकट नोट्स देणारी एक मराठी साइट बंद केली आणि आकडा धाडकन खाली आला. पानाचा सोर्स बघितला तर तळाशी कॉइनहाइव्ह नावाच्या मायनिंग सेवेची स्क्रिप्ट (पानासोबत आपोआप चालणारा छोटा प्रोग्राम), थ्रॉटल, म्हणजे ताकदीवरचा लगाम, शून्य. म्हणजे मशीनमध्ये असेल तेवढी सगळी ताकद मोनेरो हे डिजिटल चलन काढायला. नोट्सचं पान पोरं तासन्‌तास उघडं ठेवतात, त्यामुळे मायनिंगला याहून चांगली जागा नाही. काकांनी त्या पोराला सॉरी म्हणेपर्यंत मी हललो नाही.

साइटवाला निघाला कोथरूडचा, ओळखीतलाच. फोन केला तर म्हणाला, "लोकांना जाहिराती नकोत, पैसेही द्यायचे नाहीत, मग सर्व्हरचा खर्च कुठून काढू? कोणाची फाइल चोरली का मी?" खर्चाचा मुद्दा मला मान्य आहे. पण आधी परवानगी विचारून मगच मायनिंग सुरू करणारी ऑथ्डमाइन नावाची स्क्रिप्ट कॉइनहाइव्हनेच काढली होती. ती याने टाकली नाही, कारण विचारलं तर लोक नाही म्हणतील हे त्याला पक्कं माहीत होतं. कमाईतले ३० टक्के कॉइनहाइव्हला, ७० टक्के याला आणि लाइट बिल काकांच्या नावावर. ही चोरीच आहे. फाइल गेली नाही म्हणून ती काही सेवा ठरत नाही.

मार्च २०१९ मध्ये कॉइनहाइव्ह बंद पडलं तेव्हा हा म्हणतो, "संपला ना विषय?" कसला संपतोय! त्याच साइटवर त्याने ट्रॅकर भरले, म्हणजे येणाऱ्याला ओळखून त्याच्यावर नजर ठेवणाऱ्या स्क्रिप्ट, त्याही फिंगरप्रिंटिंग करणाऱ्या. माझ्या मते हे मायनिंगपेक्षा वाईट, कारण मायनिंगमध्ये निदान पंखा ओरडतो. फिंगरप्रिंटिंगमध्ये पान तुम्हाला न दिसणारं एक चित्र ब्राउझरकडून काढून घेतं. ग्राफिक्स कार्ड, ड्रायव्हर, फॉन्ट यांनुसार त्यात बारीक फरक पडतो. त्याला स्क्रीनचा आकार, टाइमझोन जोडला की तुम्ही ओळखू येता, कुकी (साइटने ओळखीसाठी ब्राउझरमध्ये ठेवलेली नोंद) पुसली तरी. ईएफएफ या डिजिटल हक्कांसाठी लढणाऱ्या अमेरिकी संस्थेने २०१० मध्ये तपासलेल्या ब्राउझरांपैकी जवळपास ८४ टक्के एकमेवाद्वितीय निघाले होते. डीटीपीवाल्यांनो, तुमच्या पीसीवरची श्रीलिपी फॉन्टची रांग तर तुम्हाला गर्दीत आणखीच उठून दाखवते.

इन्कग्निटोचं म्हणाल तर मायनिंग किंवा फिंगरप्रिंटिंग अडवायला त्याच्यावर भरवसा ठेवू नका. खिडकी बंद केल्यावर हिस्टरी आणि कुकी तुमच्या मशीनवर राहत नाहीत, मुख्यतः एवढंच. मायनिंगची स्क्रिप्ट तिथेही तशीच चालते.

फायरफॉक्स वापरा, त्यात जाहिराती आणि ट्रॅकर अडवणारं यूब्लॉक ओरिजिन हे एक्स्टेंशन टाका. ओळखीचे मायनर फायरफॉक्स २०१९ पासून आपणहून अडवतं, फिंगरप्रिंटरवाले २०२० पासून. नवा निघालेला सुटू शकतो. ब्राउझर बंद केल्यावरही सीपीयू चढलेला असेल तर टास्कबारच्या घड्याळामागे ब्राउझरचीच एखादी छोटी खिडकी लपून मायनिंग करतेय का बघा, ही युक्ती २०१७ मध्येच सापडली होती.

आणि हो, पंखा धुळीनेही ओरडतो, व्हिडिओ कॉलनेही. साइटवाला दरवेळी दोषी असतो असंही नाही. फेब्रुवारी २०१८ मध्ये ब्राउझअलाउड नावाचं, साइटवरचा मजकूर वाचून दाखवणारं प्लगिन कोणीतरी फोडलं आणि चार हजारांवर साइटींवर एकदम मायनिंग सुरू झालं. त्यात ब्रिटनच्या माहिती आयुक्तांची साइटही होती, म्हणजे लोकांची खासगी माहिती जपणं हेच ज्यांचं काम ते कार्यालय.

कोथरूडकराला मात्र ही सूट नाही, त्याने स्वतःच्या हाताने टाकलं होतं. नोट्स चांगल्या होत्या रे तुझ्या. सरळ पैसे मागितले असतेस तर अभ्यासिकेत वर्गणी काढून मी स्वतः आणून दिले असते.