परदेशातील गरीब मुलांच्या दीर्घ आजारांसाठी मदत करायची झाल्यास औषधे पाठवावीत की पैसे?

आपण विचारले आहे की, परदेशातील गरीब कुटुंबांतल्या मधुमेहासारखे कायमचे दुखणे असलेल्या मुलांसाठी एकरकमी देणगी द्यावी, घरात उरलेली औषधे व साहित्य पाठवावे, की एखाद्या मुलाची जबाबदारी घ्यावी. माझ्या मुलीला सहाव्या वर्षी टाइप १ मधुमेहाचे (ज्यात शरीरात इन्सुलिन तयार होत नाही आणि ते रोज टोचावे लागते) निदान झाले आणि त्यानंतर हे तिन्ही पर्याय मी कधी ना कधी करून पाहिले. माझे मत असे की, वस्तू पाठवू नयेत आणि रक्कम लहान असली तरी चालेल, पण ती दरमहा न चुकता द्यावी.

त्याचे कारण आजाराच्या स्वरूपातच आहे. दुभंगलेला ओठ एकदा शिवला की काम बहुतांशी झाले; मदतीआधीचा व मदतीनंतरचा असे दोन फोटो देणगीदाराला दाखवता येतात. टाइप १ मधुमेहात तो दुसरा फोटो कधीच येत नाही, कारण सगळे सुरळीत असेल तर मूल गेल्या महिन्यात जसे होते तसेच या महिन्यात दिसते. ३० किलो वजनाच्या मुलाला दिवसाला साधारण २५ ते ३० युनिट इन्सुलिन लागते, म्हणजे १००० युनिटांची बाटली जेमतेम महिनाभर पुरते. त्याशिवाय सिरिंज आणि दिवसातून दोनदाच रक्त तपासायचे म्हटले तरी महिन्याला ६० पट्ट्या. यात खंड पडला तर काही दिवसांतच रक्तात आम्ले साठून उलट्या आणि धाप सुरू होते, आणि जिथे ताप-उलटी म्हणजे मलेरिया असेच समीकरण आहे तिथे निदान चुकून मूल हातचे जाऊ शकते.

वस्तूंविषयीचा माझा अनुभव फारसा अभिमानास्पद नाही. मुलीचा ग्लुकोमीटर, म्हणजे रक्तातील साखर मोजण्याचे यंत्र, बदलला तेव्हा जुन्या मीटरच्या पट्ट्यांच्या सहा न फोडलेल्या डब्या उरल्या होत्या, त्या मी एका संस्थेमार्फत पूर्व आफ्रिकेतील एका दवाखान्याकडे मोठ्या समाधानाने रवाना केल्या. तीन महिन्यांनी तिथल्या परिचारिकेचे अत्यंत सौजन्यपूर्ण पत्र आले, की पट्ट्या पोहोचल्या, परंतु आमच्याकडील मीटरच्या खाचेत त्या बसत नाहीत. फरक मिलीमीटरभराचा असेल, पण तेवढ्याने तीनशे पट्ट्या कचरा झाल्या. जागतिक आरोग्य संघटनेची औषधदानाविषयीची मार्गदर्शक तत्त्वे १९९६ पासून उपलब्ध आहेत: दान केलेले औषध पोहोचते तेव्हा त्याची किमान वर्षभराची मुदत शिल्लक असावी आणि एकदा रुग्णाच्या हाती गेलेले औषध पुढे दान करू नये. मी ती आधी वाचली असती तर त्या परिचारिकेचा वेळ वाचला असता.

शिवाय अडचण दरवेळी औषधाचीच असते असेही नाही. इन्सुलिनच्या बाटल्या २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवाव्या लागतात आणि पुष्कळ घरांत फ्रिज नसतो. केनियातील दादाब येथील निर्वासित छावणीत याच कारणाने रुग्णांना प्रत्येक टोचणीसाठी दवाखान्यात हेलपाटा घालावा लागे. मेदसॅं साॅं फ्राँतिएर (डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स) ही वैद्यकीय मदत संस्था आणि जिनिव्हा विद्यापीठ यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसून आले की, वापरात असलेले इन्सुलिन २५ ते ३७ अंशांच्या चढउतारातही चार आठवडे गुणकारी राहते. म्हणजे ते घरी देता येते. मात्र आईला सिरिंज भरायला शिकवणारी, साखर एकाएकी उतरली तर काय करावे हे पुन्हा पुन्हा सांगणारी परिचारिका तिथे असली पाहिजे, आणि तिचा पगार कोणत्याही खोक्यातून पाठवता येत नाही.

म्हणून ज्या संस्था तिथल्याच दवाखान्यांमार्फत काम करतात त्यांना मी प्राधान्य देतो. ‘लाइफ फॉर अ चाइल्ड’ हा उपक्रम २००० पासून याच पद्धतीने चालतो आणि चाळीसहून अधिक देशांतील मधुमेही मुलांना इन्सुलिन, पट्ट्या व शिक्षण पुरवतो. आपला कल अन्य आजारांकडे असेल तरी कसोटी हीच ठेवावी. संधिवाताच्या तापाने हृदयाची झडप बिघडलेल्या मुलाला दर तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन वर्षानुवर्षे घ्यावे लागते. औषध स्वस्त असते, पण तेवढ्यासाठी दरवेळी दवाखान्यापर्यंत जाण्याचे भाडे पालकांना परवडत नाही. त्यामुळे संस्थेला पहिला प्रश्न असा विचारावा की, मागच्या वर्षी नोंदवलेल्या मुलांपैकी आज किती जण नियमित येत आहेत. किती मुलांना साहित्य वाटले, हा आकडा सगळेच सांगतात.

आता एखाद्या मुलाची जबाबदारी घेण्याविषयी. नाव आणि फोटो आला की आपले मन गुंतते, हे खरे आहे. मीही दोन वर्षे तसे केले. परंतु त्यात त्या मुलाचे इन्सुलिन माझ्या नोकरीवर आणि लहरीवर अवलंबून राहते, आणि माझी नोकरी सुटली तेव्हा पहिला विचार हाच आला की आता त्याला कळवायचे कोणी. तेव्हापासून मी माझा हप्ता संस्थेच्या सामायिक निधीत भरतो.