फी भरण्याआधी डोळे तपासून घे

बाळा, फ्लाइंग स्कूलचा पहिला हप्ता भरण्याआधी म्हापशात किंवा पणजीत नेत्रतज्ज्ञाकडे जाऊन इशिहारा चाचणी, म्हणजे रंग नीट ओळखता येतात का याची तपासणी, करून घे. ठिपक्यांत लपलेले आकडे वाचायचे असतात. ते पाठ करून जाऊ नकोस. रंगीत लेन्स तर चालतच नाहीत. आकडे चुकले तरी हाय खाऊ नकोस, पुढे लँटर्न चाचणी असते, तीत रंगीत दिवे ओळखायचे असतात.

डीजीसीएचं (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचं) क्लास २ मेडिकल, म्हणजे वैमानिकाची प्राथमिक वैद्यकीय तपासणी, आधी; मग व्यावसायिक परवान्यासाठीचं क्लास १.

एवढं कशाला? धावपट्टीशेजारचे, उतरताना विमान योग्य उंचीवर आहे का ते दाखवणारे चार पीएपीआय दिवे आठव: दोन पांढरे, दोन लाल म्हणजे उतरण्याचा कोन बरोबर, चारही लाल म्हणजे विमान फार खाली. रेडिओ बंद पडला तर टॉवरचा हिरवा-लाल झोतच तुझ्याशी बोलणार. माझ्या मित्राला रंगदोष पैसे भरल्यावर कळला, अजून जीव हळहळतो.