क्वेंकाहून काहास नॅशनल पार्क एका दिवसात होतं का?

हो, आरामात होतं. इक्वाडोरमधल्या क्वेंका शहरापासून काहास साधारण तीस किलोमीटर, ग्वायाकिलला जाणाऱ्या मोलेतुरो रोडच्या बस तिथूनच जातात, ड्रायव्हरला तोरेआदोरा तळं सांगितलं की तो उतरवतो. पण पहिल्याच दिवशी नका जाऊ प्लीज, शहरच अडीच हजार मीटरवर आहे आणि तोरेआदोरा जवळपास ३९०० मीटरवर, दोन पायऱ्या चढलं तरी धाप लागते, म्हणून आधी दोन दिवस क्वेंकात फिरा, जुनं शहर १९९९ पासून युनेस्कोच्या यादीत आहे, बघण्यासारखं खूप आहे.

तळ्याच्या कडेने चालताना पॉलीलेपिसची झाडं लागतात ती घाईघाईत सोडू नका. वाकडीतिकडी, बुटकी, आणि साल लालसर, कागदासारखे पातळ पापुद्रे सुटलेले, वारा आला की फडफडतात. खाली सगळं गवत आणि शेवाळ, पाय ठेवला की पाणी वर येतं, अक्षरशः स्पंज! हीच जमीन पाऊस आणि धुकं धरून ठेवते आणि हळूहळू सोडते, क्वेंकातून वाहणारी तोमेबांबा नदी इथूनच येते आणि शहराच्या नळाला येणारं बरंचसं पाणीही इथलंच. म्हणूनच २०२१ मध्ये क्वेंकाच्या लोकांनी मतदान घेऊन नद्यांच्या उगमाकडे मोठ्या खाणी नकोत असं प्रचंड बहुमताने ठरवलं, मला तर हे फार मोठं वाटतं.

रेनकोट, स्वेटर, टोपी न्याच, ऊन असताना पाच मिनिटांत धुकं येतं. पायवाट सोडू नका, लोक खरंच हरवतात.