बोलतो घडाघडा, पण सांगितलेलं कळत नाही

बालवाडीच्या वयातल्या मुलांच्या भाषेबद्दल आलेल्या पत्रांपैकी काहींची ही उत्तरं.

प्रश्न : मुलगा साडेतीन वर्षांचा आहे. बडबडगीतं, जाहिराती घडाघडा म्हणतो. पण ‘शाळेत काय खाल्लंस?’ विचारलं की ‘काय खाल्लंस’ असंच परत म्हणतो. ‘चपला आण’ म्हटलं की बरोबर आणतो, म्हणून घरचे म्हणतात, त्याला सगळं कळतं. बालवाडीच्या बाईंना मात्र वाटतं, त्याला सूचना समजत नाहीत. खरं काय?
— एक आई, नाशिक

उत्तर : बाईंचं म्हणणं गांभीर्याने घ्या. ‘चपला आण’ म्हणताना तुम्ही दाराशी उभ्या असता, खांद्याला पर्स असते, नजर चपलांच्या रॅककडे असते. एवढ्यावरून मूल ओळखतं. शब्द कळायची गरजच पडत नाही. चांगला गळा आणि पाठांतर यांनीही घरच्यांची अशीच फसगत होते. प्रश्न जसाच्या तसा परत म्हणणं याचा अर्थ बहुतेकदा असा की, आवाज पकडला गेला, अर्थ निसटला.

घरी एकदा नीट बघा. समोर चमचा, कंगवा, वाटी आणि डबा ठेवा. हात मांडीवर, नजर मुलाच्या चेहऱ्यावर. मग म्हणा, ‘कंगवा डब्यात ठेव.’ समोर फक्त कंगवा आणि डबा असता तर ऐकण्यासारखं काहीच उरलं नसतं, त्याने आपोआप आत टाकला असता. पर्याय असले तरच शब्द ऐकावे लागतात. तरीही अंदाजाने चारांत एकदा बरोबर येणारच, म्हणून अदलाबदल करून आठ-दहा वेळा सांगा. असे दोन शब्द (इथे कंगवा आणि डबा) दोन-अडीच वर्षांच्या मुलाला साधारण पेलतात. तिसऱ्या वर्षाच्या सुमारास ‘मोठा चमचा वाटीत ठेव’ असे तीनही जमू लागतात. अर्थात तेव्हा लहान चमचाही समोर हवा.

स्पीच थेरपी सुरू करण्याआधी कानांची तपासणी करून घ्या. ‘त्याला ऐकू येतं, टीव्ही लागला की धावत येतो’ हा पुरावा नव्हे. वारंवार सर्दी होणाऱ्या मुलांच्या कानाच्या पडद्यामागे पाणी साठतं आणि ऐकणं कमी-जास्त होत राहतं. टिम्पॅनोमेट्री, म्हणजे कानाचा पडदा नीट हलतो का हे बघणारी तपासणी, आवर्जून करायला सांगा. खेळातून घेतलेल्या श्रवणचाचणीला मूल दाद देत नसेल, तर बेरा करतात, म्हणजे आवाजाला मेंदूकडून मिळणारा प्रतिसाद यंत्राने मोजतात.

प्रश्न : आमच्या मुलीची स्पीच थेरपी आठवड्यातून एकदा असते. घरी काय करावं? आम्ही दिवसभर ‘हे काय? ते काय?’ विचारत असतो.
— एक पालक, ठाणे

उत्तर : ते विचारणं आधी कमी करा. प्रश्न विचारून परीक्षा होते, शिकवणं होत नाही. एका प्रश्नामागे चार साधी वाक्यं तिच्यासाठी बोला : ‘पोळी गरम आहे. फुंकर घालू या. वाफ गेली. आता खा.’

रोज दोनदा दहा-दहा मिनिटं, टीव्ही बंद करून बसा. ज्या पायरीवर तिला दहातलं आठ वेळा कळतं, तिथून फक्त एकच शब्द वाढवा. आधी तिचं नाव घ्या, तिने पाहिलं की वाक्य बोला आणि मनात दहापर्यंत मोजा. सगळ्यात जास्त बिघडतं ते इथे. ‘निळी वाटी आण... अगं ती, टेबलावरची, दिसत नाही का?’ यात तीन वेगळी वाक्यं झाली आणि प्रत्येक वेळी तिला पहिल्यापासून सुरुवात करावी लागली. न कळल्यास तेच वाक्य तसंच पुन्हा म्हणा. तिसऱ्यांदा हाताने दाखवून म्हणा. आवाज चढवून समज वाढत नाही.

‘ओतू नको’ म्हटलं की पुष्कळ मुलं ओततात आणि ओरडा खातात. आपल्या वाक्यात ‘नको’ शेवटी येतं. तोवर ‘ओतणं’ ऐकून हात हललेला असतो. त्यापेक्षा ‘पाणी पेल्यातच राहू दे’ म्हणा. प्रश्नार्थक शब्दांत आधी काय, कोण, कुठे घ्या. ‘कधी’ आणि ‘का’ बरंच नंतर. सगळे ‘क’ने सुरू होतात, म्हणून एका वेळी दोनच आणि उत्तर तुम्हीच द्यायचं : ‘बॉल कुठे? पलंगाखाली. कोण शोधणार? बाबा.’

चार वर्षांच्या पुढे ‘कुत्र्याला मांजर ढकलतं’ अशी वाक्यं खेळण्यांनी करून बघायला सांगा. ‘ला’ न पकडणारं मूल जे नाव आधी ऐकलं त्यालाच ढकलायला लावतं. हे मात्र घाईने शिकवू नका.

प्रश्न : आम्ही बेंगळुरूत राहतो. घरी मराठी, खाली मुलं कन्नड बोलतात, शाळा इंग्रजी. मुलाला समजायला जड जातं, तर मराठी बंद करा असं सुचवलं गेलं.
— एक आई, बेंगळुरू

उत्तर : बंद करू नका. दोन-तीन भाषा कानावर पडल्याने आकलनाचा दोष निर्माण होत नाही. दोष असेल तर तो सगळ्या भाषांत दिसतो, म्हणून थेरपिस्टला प्रत्येक भाषेतली समज वेगळी सांगा. ज्या भाषेत तुम्हाला मनापासून, भरभरून बोलता येतं, तीच घरी बोला.

प्रश्न : नातू अडीच वर्षांचा आहे, पाच-सहा शब्द बोलतो. सांगितलेलंही फारसं कळत नाही. मुलगे उशिरा बोलतात, म्हणून थांबावं का?
— एक आजी, सोलापूर जिल्हा

उत्तर : आजी, थांबू नका. समज चांगली आणि बोलणं कमी, अशी बरीच मुलं पुढे सावरतात. समजच कमी असेल तर अडचण टिकून राहण्याची शक्यता जास्त असते. हाक मारल्यावर बघत नाही, बोटाने वस्तू दाखवत नाही, असंही असेल तर बालरोगतज्ज्ञांकडून स्वमग्नतेच्या दृष्टीनेही तपासणी करून घ्या.

अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं, त्यांना दाखवा. ते पुढे जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवतात. तिथे उपचार मोफत असतात. मुंबईत वांद्र्याला १९८३पासून अली यावर जंग राष्ट्रीय वाक् व श्रवण दिव्यांगजन संस्था आहे. खासगी थेरपिस्ट निवडताना भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी विचारा. जाताना नातू घरी खेळतानाचा दोन-तीन मिनिटांचा व्हिडिओ आणि त्याला नक्की कळणाऱ्या शब्दांची यादी न्या. नवख्या खोलीत मुलं गप्प बसतात, तेव्हा ही यादीच उपयोगी पडते.